जांभळा परकर

बहात्तरच्या दुष्काळात, कर्जतकडच्या एका गावात, आईनं धपाटा घातला म्हणून सहा वर्षांची चांगुणा रुसून घरातून पळाली. दुपार टळली तरी पोरीचा पत्ता नाही, तेव्हा मालनबाईनं हंबरडा फोडला आणि सगळं गाव कामाला लागलं. पोलीस पाटलानं ठाण्याला सांगावा धाडला, मास्तरांनी एसटी अडवून कंडक्टरला बजावलं, तरण्या पोरांनी विहिरी धुंडाळल्या. दवंडी अर्थातच सहादू कोतवालाकडं आली.

सहादूनं हलगी कडाडवली आणि नेहमीसारखी गावभरची पोरं नाचत त्याच्या मागं लागली. या लेंढाराचा त्याला भारी वैताग. वळून बघितलं तर आणखी चेकाळतात, म्हणून तो मागं बघायचाच नाही. आळीआळीतून तो घसा फोडून सांगत होता, "ऐका हो ऐका! मालनबाईची चांगुणा हरवली होऽऽ! पोर हिरवा परकर नेसलीय होऽऽ!"

वेशीपाशी मागून बारीक आवाज आला, "आबा, हिरवा न्हाई, जांभळा हाय."

सहादू पुढं बघतच खेकसला, "गप गं! तुला काय ठावं?"



"मीच नेसलीय की!"