टग तीनला हाक

“टग तीन, टग तीन, कंट्रोल. कुठवर आलात? ओव्हर.”

“कंट्रोल, टग तीन. सगळं ठीक. येतोच.”

बोलणं ‘आउट’ म्हणून संपवायचं, हा बंदराचा नियम. कंट्रोल रूममध्ये रेडिओवर ती असायची, आणि जहाजं ओढून बंदरात आणणाऱ्या टग तीनवर तिचा नवरा. तो मात्र ‘येतोच’ म्हणायचा आणि सगळ्या बंदरादेखत बायकोची बोलणी खायचा. आता ते ‘येतोच’ त्याचा मित्र दुसऱ्या टगवरून म्हणत होता. टग तीन बुडाली होती, आणि तिच्याबरोबर नवराही.

हे सगळं नाटक सासूबाईंसाठी. मुलाने दिलेला रिसीव्हर घेऊन त्या खिडकीत बसत आणि रोज संध्याकाळी त्याचा आवाज ऐकत. अपघाताच्या दुपारीच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. शेजारणीला त्या जमिनीवर सापडल्या. रिसीव्हर बंद होता, तेवढंच नशीब. आता जराही धक्का सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून मुलगा बंदराबाहेरच्या कामावर आहे, मुक्काम टगवरच, असं त्यांना सांगून ठेवलं होतं. रेडिओच्या खरखरीत सगळे आवाज सारखेच.

एरवी त्या चॅनलवर बोलायला फट मिळायची मारामार. पण तिने टग तीनला हाक मारली की एकही जहाज मध्ये तोंड घालत नसे. बंदरप्रमुखही खिडकीबाहेर बघत राहत.

आज मात्र त्यांनी तिला बोलावून घेतलं. नसलेल्या बोटीला हाका मारणं आता थांबवायला हवं, म्हणाले. एखादा नवखा कप्तान त्या टगच्या भरवशावर जहाज आत घालायचा. त्यांचं काही चुकत नव्हतं.

ती घरी आली. सासूबाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला. तिने त्यांची औषधाची डबी जवळ ओढून घेतली. त्या दुपारी कंट्रोलवर तीच होती. त्याचं शेवटचं बोलणं तिनेच घेतलं होतं, आणि त्याविषयी पुढे कुणी चकार शब्द काढला नव्हता.

“आई, उद्यापासून त्याचा आवाज...”

“राहू दे,” सासूबाई तिचा हात धरत म्हणाल्या. “‘आईला सांभाळ’ म्हणाला तो तुला. मग काहीच येईना, तेव्हा रिसीव्हर मीच बंद केला. पण तू रोज त्याला हाक मारायचीस गं. तेवढीही तुझ्याकडून कशी काढून घेऊ?”