नाव घातलेली भांडी

"हे माह्या घरचं हाय. हे जाणार नाई."

मनकर्णाबाईनं पितळी डबा पेटीतून उपसून बाहेर काढला, उलटा केला आणि बुडावर बोट आपटलं. तिथं तिच्या सासऱ्याचं नाव घातलेलं होतं. लग्नात, बारशाला आलेल्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव होतं, आणि कोणतं भांडं कोणाचं हे म्हातारीला तोंडपाठ होतं.

तिची सून वर्षाराणी पेटीतले कपडे सारखे करत राहिली. उद्या निघायचं होतं. आयर्लंडच्या एका दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. सोबत एकच पेटी नेता येणार होती, आणि सकाळपासून सासू त्या पेटीवर नागासारखी बसून होती.

"अन् ही परात तुह्या बापाची. घाल आत. तुह्या माहेरचा एक चमचा माह्या घरात राह्यला नाई पाह्यजे."

"एवढं सारं कायले, आई? पुढच्या खेपेले आलो का नेऊ."

"येऊ म्हणते! घाल म्हटलं ना."

शेजारची रुखमाबाई मदतीला म्हणून आली होती आणि उंबऱ्यात बसून तमाशा पाहत होती. "असं त वाटणीतबी कोणी करत नाई वं, मनकर्णा," ती म्हणाली. मग वर्षाराणीकडं वळून, "भिवईवरची खूण काही गेली नाई बाई तुही."

"न्हाणीतली फरशी गुळगुळीत हाय," मनकर्णाबाईनं परस्पर उत्तर दिलं.

वर्षाराणीच्या हातातली परात पेटीत दणकन आदळली.

तिचा पाय कधी घसरलाच नव्हता. वडिलांनी दिलेली तांब्याची गडवी तिच्या कपाळावर बसली होती. ती तिच्या नवऱ्यानं, भागवतनं फेकली, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. भाजी अळणी झाली होती, एवढंच कारण. त्या दिवशी सासूनं रक्त पुसलं, टाके घालून आणले आणि घरी येता येता सगळ्या गल्लीला न्हाणीची गोष्ट सांगितली. टाके निघाले. ती गोष्ट मात्र वर्षाराणीच्या पोटात अजून निखाऱ्यासारखी होती.

तेव्हाच तिनं परदेशी नोकरीच्या परीक्षेची पुस्तकं आणली. या घरातून सुटायचं, एवढंच डोक्यात होतं. पण बायकोच्या मागं नवऱ्यालाही व्हिसा मिळतो हे भागवतला कुठूनसं कळलं, आणि सुटकेच्या वाटेवर तोच तिच्या पुढं चालू लागला.

"माहा स्पीकर घातला का?" भागवत बाहेरून आला तो विचारतच. वर्षाराणीचा फोन नेहमीसारखा त्याच्या शर्टाच्या खिशात होता. "चौकात साऱ्याइले सांगून आलो. तिकडं ही कमावणार, आपुन नुसतं बसून खाणार!"

मनकर्णाबाईनं पेटीतून त्याचा स्पीकर काढला. मग त्याचे स्वेटर काढले.

"माय, काय करून राह्यली?"

"माह्या घरचं हाय. इथंच राहीन."

"मीबी तुह्याच घरचा हाय मंग. मलेबी ठेवून घे!" भागवत खो खो हसला. रुखमाबाईही हसली. म्हातारी हसली नाही.

शेवटी गडवी उरली. वर्षाराणीनं ती कोनाड्यात सरकवली. "चेपली हाय. मले नको."

मनकर्णाबाईनं गडवी उचलली, चेपल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि ती घेऊन आत निघून गेली.

सकाळी जीप दारात आली आणि भागवतचा पासपोर्ट सापडेना.

त्यानं कपाट उलटंपालटं केलं. पिशव्या अंगणात ओतल्या, पेटी उघडून भांडं न् भांडं बाहेर काढलं. मग वर्षाराणीचं मनगट पिरगाळलं. "कुठं ठेवला वं?"

"सोड तिले. तिचं सारं पाह्यलं ना तू?" मनकर्णाबाई म्हणाली. "ती वेळेवर पोचली नाई त नोकरी गेली. तिची नोकरी गेली त तुहा व्हिसाबी गेला. जाऊ दे तिले पुढं. सापडला का तू जाय मागून."

भागवतचा हात सैल झाला.

वर्षाराणीनं सासूकडं पाहिलं. म्हातारीनं नजर चुकवली, आणि वर्षाराणीला सगळं लख्ख कळलं. लेक ठेवून घेतला होता. तो येत नाही म्हणून बरं वाटायला हवं होतं, पण आधी संतापच उसळला. लेकासाठी या बाईला एवढं करता येतं. माझ्यासाठी एक खरा शब्द तोंडातून निघाला नाही. आणि हा काय कायमचा थोडाच थांबणार होता? दुसरा पासपोर्ट काढून येणारच होता मागोमाग.

पुन्हा भरलेली पेटी जीपवर चढली, वर्षाराणी आत बसली. भागवतनं खिशातला फोन तिच्या मांडीवर टाकला. "रोज लागला पाह्यजे. नाई लागला त तिथं येऊन पाह्यतो तुह्याकडं." एवढं बोलून तो पुन्हा शोधायला आत पळाला.

"ठेवलाच शेवटी लेक," रुखमाबाई पुटपुटली.

"थांब रे मुन्ना!" मनकर्णाबाई जीपवाल्यावर ओरडली. ती घरातून जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली गडवी घेऊन आली. "हे राह्यलं हिच्या बापाचं!"

"मले नको म्हटलं ना!" वर्षाराणीनं ती ढकलली. आता तिचाही आवाज चढला होता. "मी तुमच्या घरची कोणीच नव्हती ना, आई?"

"नव्हती. घे."

गडवी तिच्या मांडीवर आली. फडक्याच्या घडीत काहीतरी पातळ, टणक हाताला लागलं. वर्षाराणीनं कड उचलली. निळं कव्हर. त्यावर सोनेरी सिंह.

घरात भागवत पलंग ओढत होता. म्हातारी जीपच्या खिडकीत वाकली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"तिथं पोचली का फोनचा नंबर बदलून टाक, बाई. मलेबी देऊ नको."