त्यांची चाल

"शामजी, जरा दारापर्यंत चालून या," डॉक्टर म्हणाल्या.

शाम उठला. उजवा पाय फरशीवर घासत, डावीकडे झोकांड्या खात निघाला. इंदुमतीबाईंनी लेकाकडे एकदा पाहिलं आणि झटकन मान फिरवली. खिडकीबाहेर हॉर्न नुसते कोकलत होते. पलासिया चौकातल्या ट्रॅफिकला कुणाच्या दुखण्याचं काय पडलंय!

डॉक्टर शिवांगींनी स्कॅनमधले पांढरे डाग दाखवले. "मेंदूत कॅल्शियम साचलंय. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे हा एक दुर्मीळ आजार. चाल बिघडते, जीभ जड होते. पूर्ण बरा होत नाही, पण गोळ्यांनी आराम पडेल."

"मी पीत नाही, एवढं लिहून द्या, मॅडम," शाम म्हणाला. "ऑफिसात म्हणतात, भिया सुबह से टुन्न है." तो हसायला गेला, पण ओठ नीट हलले नाहीत.

"बिलकुल देते. हा आजार बहुतेक वेळा घराण्यातूनच येतो. घरात आणखी कोणी असं चालायचं?"

शामने आईकडे पाहिलं. बाबांचा विषय घरात निघत नसे.

"ह्याचे वडील," इंदुमतीबाई म्हणाल्या. "हुबेहूब असेच. अख्खा मोहल्ला बेवडा म्हणायचा. हे रोज दारात उभे राहून म्हणायचे, इंदू, तोंड हुंगून बघ, देवाशप्पथ घेतलेली नाही."

"मग? वास यायचा?"

"कधीच नाही. मला वाटायचं, वास लपवायला सौंफ खाऊन येतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"शेवटी माझ्या भावांनी त्यांना गौतमपुऱ्याला दिरांच्या शेतावर नेऊन सोडलं. बस सुटेपर्यंत खिडकीतून माझ्याकडेच बघत होते. मी थांबा म्हटलं नाही. तिकडेच वारले." त्यांना रडू फुटलं. "माझा माणूस पीत नव्हता हो! आता कुठून आणू त्यांना?"

शामने आईच्या खांद्यावर हात ठेवला. इंदुमतीबाईंनी तो धरून ठेवला, पदराने डोळे टिपले.

"बाळा, थकला नसशील तर अजून एकदा चालतोस?"

"दारापर्यंत?"

"नाही रे. दारातून माझ्याकडे ये."