या, बसा

जावा बेटावरच्या कोटागेडेच्या त्या अरुंद गल्लीतून राजांच्या कबरींकडे कोणीही निघो, दारात बसलेल्या बाईने "या, बसा" म्हणायचे आणि जाणाऱ्याने "पुन्हा कधीतरी" म्हणत हसून पुढे सरकायचे, अशी तिथली रीत. खरोखर आत कोणी जात नसते.

तिथे बायकांना आदराने 'बू' म्हणतात. बू वारसिनीही शेजारच्या बू सुप्रिहच्या दारावरून रोज तशीच जात असे. याच सुप्रिहने वारसिनीच्या लेकीला पाहायला आलेल्या मंडळींच्या कानावर एक वाक्य घातले होते आणि ठरत आलेले लग्न मोडले होते. लेक त्यानंतर गाव सोडून गेली, ती परतली नाही.

आज सुप्रिहच्या लेकीला पाहायला मंडळी आली होती. पाहुण्यांदेखत सुप्रिहचा आवाज नेहमीपेक्षा गोड झाला.

"अहो बू वारसिनी, या ना, बसा घटकाभर!"

"आलेच," म्हणत वारसिनीने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि ती थेट मुलाच्या आईशेजारी चटईवर जाऊन बसली. सुप्रिहच्या हातातली चहाची किटली हातातच राहिली.

"शेजारच्या का तुम्ही?" मुलाच्या आईने विचारले. "मग मुलीला लहानपणापासून ओळखत असाल!"

वारसिनीने सुप्रिहकडे पाहिले आणि तिचेच ते जुने वाक्य, एकही शब्द न बदलता, तितक्याच मायेने परत केले.



"पोर गुणाची आहे हो, आणि हल्ली तर तिला फिट्सही येत नाहीत."