४१२७ नंबरचं इंजिन

चौथा वक्ता डोळे पुसत व्यासपीठावरून उतरला, तेव्हा मुद्रितशोधकाला जांभई आवरली नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. श्रद्धांजलीला दीडशे माणसं जमली होती. टकलं पडलेली, पोटं सुटलेली, आणि प्रत्येकाच्या खिशात रेल्वे इंजिनांच्या नंबरांचं ते चिमुकलं पुस्तक. इंजिन दिसलं की त्याच्या नंबरापुढे खूण करायची. एवढ्यासाठी या रिकामटेकड्यांनी आयुष्यभर फलाट झिजवले होते. आणि ती पुस्तकं काढणारा हा गेलेला प्रकाशक म्हणजे यांचा देव.

देव स्वतः कधी फलाटावर दिसला नव्हता. मुद्रितशोधकाने त्याच्याकडे एकतीस वर्षं काढली होती. टपालाने आलेल्या याद्या पुढ्यात घेऊन प्रकाशक पंख्याखाली बसायचा आणि उंटावरून शेळ्या हाकायचा. एका आवृत्तीत ४७२१ चं ४१२७ झालं. आकडा सुटला होता मुद्रितशोधकाच्याच नजरेतून. पण पुस्तक छापून आल्यावर तोच धावत सांगायला गेला, शुद्धिपत्र लावू म्हणाला. प्रकाशकाने मानसुद्धा वर केली नाही. "राहू दे. कोणी विचारलं तर मी बघेन."

कसला बघतोय. कागद वाचवला कंजुषाने.

पाचव्या वक्त्या इंजिनचालक होत्या. कामावरून थेट आलेल्या, अंगावर गणवेश तसाच.

"लहानपणी दर रविवारी बाबा मला रुळांवरच्या पुलावर न्यायचे," त्या म्हणाल्या. "सगळ्या नंबरांवर खुणा झाल्या होत्या, ४१२७ तेवढं राहिलं होतं. ते कधी आलंच नाही. पण वाट बघता बघता मी ठरवून टाकलं, मोठी झाले की गाडीच चालवायची."

टाळ्या पडल्या. मुद्रितशोधकाला राहवेना. यादीत नाव नसताना तो तरातरा वर गेला आणि त्याने माईक ओढून घेतला.

"४१२७ नंबरचं इंजिन कधी नव्हतंच. छपाईतला घोळ होता तो. मी साहेबांना त्याच दिवशी सांगितलं होतं, पण त्यांनी दुरुस्त केलं नाही. तुम्हा सगळ्यांना त्यांनी वेड्यात काढलं."

घोळ कोणाचा, ते त्याने सांगितलं नाही. दीडशे माना त्याच्याकडे वळल्या. त्याला बरं वाटलं.

बाई अजून शेजारीच उभ्या होत्या.

"मला ठाऊक आहे, काका. बाबांनी पत्र टाकून विचारलं होतं. आठ दिवसांत साहेबांचं उत्तर आलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. ते इंजिन नाही, माफ करा, पण मुलीला बाकीची दाखवत राहा, असं. मला नोकरी लागली त्या दिवशी बाबांनी ते पत्र माझ्या हातात दिलं."

मुद्रितशोधकाने माईक बाजूला धरला. "त्यात... चूक कोणाची, ते लिहिलं होतं?"

"हो. मुद्रितशोधकांनी सगळं बरोबर तपासलं होतं, नंतर मीच मध्ये हात घातला, असं लिहिलं होतं त्यांनी."