सही तेवढी राहिली

देणगीच्या अर्जावर सगळं भरून झालं होतं. देणाऱ्याचं नाव, पत्ता, तपशील: इंग्रजी शब्दांचा महाकोश, खंड तेरा, स्थिती उत्तम. सही तेवढी राहिली होती. ज्यांची ती हवी होती त्या इंग्रजीच्या निवृत्त बाई प्रवासाची पिशवी खांद्यावरून न उतरवता ग्रंथालयाच्या टेबलासमोर उभ्या होत्या. बहिणीकडे चार दिवस राहून सकाळी घरी आल्या, तर खोलीतली भिंत रिकामी होती.

"आई, इथे कर," मुलगा बोट ठेवून म्हणाला.

टेबलामागचा ग्रंथपालही उभाच होता. बाईंच्या हाताखाली तो इंग्रजीत दोनदा नापास झाला होता, आणि ते वजन अजून उतरलं नव्हतं. "बाई, फुलं मागवलीत," तो म्हणाला.

"कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. एवढं डोनेट केलंत."

"कधी केलं?"

ग्रंथपालाने मुलाकडे पाहिलं. मुलाने पंख्याकडे पाहिलं. पंख्याला पाहायला कोणी उरलं नव्हतं, तो आपला फिरत राहिला.

"अगं, हल्ली सगळं फोनवर मिळतं," मुलगा म्हणाला. "ते तेरा ठोकळे अख्खी भिंत अडवून बसले होते. इथे दहा जणांच्या उपयोगी पडतील."

"नवव्या खंडात माझी खूण आहे. तिथवर वाचून झालंय."

"महाकोश कोणी वाचून काढतं का?"

"तुला वाढवताना विरंगुळा म्हणून घेतला होता," बाई म्हणाल्या आणि ग्रंथपालाकडे वळल्या. "डीचा खंड काढ. डोनेट वाच. अर्थ मराठीत सांग."

त्याने खंड काढला. पानं उलटताना त्याच्या कपाळावर दहावीतला घाम आला.

"डोनेशन. नाम. मूळ लॅटिन. आपल्या 'दान'शी नातं लागतं, म्हणजे लांबची चुलत भावंडं. इंग्रजीत येऊन सहाशे वर्षं झाली." त्याने बोट खाली सरकवलं. "डोनेट. क्रियापद. हे अलीकडचं, जेमतेम अडीचशे वर्षांचं. डोनेशनवरून पाडलेलं." तो थांबला. "बाई, म्हणजे आधी डोनेशन, आणि डोनेट करणं मागाहून?"

"पहिल्यांदाच बरोबर आलं तुझं. साडेतीनशे वर्षं डोनेशन सुखाने चाललं होतं, डोनेट कोणी करत नव्हतं. ते कसं चालत असेल, हे आज कळलं."

"आई, हा तास घरी घे," मुलगा घड्याळ बघत म्हणाला. "दोनला ट्रेडमिल लावायला माणसं येणार आहेत."

"कुठे लावायला?"

मुलाने जीभ चावली. पण शब्द बाहेर पडून गेला होता.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. ग्रंथपालाकडून कोरा अर्ज मागून घेतला आणि फळ्यावर लिहायच्या त्याच टपोऱ्या अक्षरात भरला. तपशील: ट्रेडमिल, एक. स्थिती: न वापरलेली, पुढेही आशा नाही. देणाऱ्याच्या जागी मुलाचं पूर्ण नाव घातलं. मग पेन त्याच्यासमोर धरलं.

"हे काय? माझी आहे ती. महिनाभर बघून पसंत केलीय मी."

"चांगलं आहे. बघून दिलेलं बरं."

"ग्रंथालयात ट्रेडमिल कशाला, आई?"

"वाचकांची पोटं सुटलीत खरी," ग्रंथपाल मनापासून म्हणाला.

"मी सही करणार नाही." मुलाने हाताची घडी घातली.

"नको करूस," बाई म्हणाल्या. "तू शहाणा आहेस. माझ्यावर गेलास."

त्यांनी दोन्ही अर्ज एकावर एक ठेवून मधोमध फाडले, डीचा खंड मिटला आणि काखेत मारला. त्याच्या वजनाने त्या एका बाजूला कलल्या. पण निघाल्या.

"बाकीचे बारा जसे आणलेस तसे घेऊन ये, माझी पिशवीही आण," त्या मुलाला म्हणाल्या. "नववा आडवा धरू नकोस, खूण पडेल."

"बाई," ग्रंथपाल पडेल आवाजात म्हणाला, "सगळ्या खंडांवर शिक्के मारून झालेत. शिक्का पडला की पुस्तक ग्रंथालयाचं. आणि संदर्भग्रंथ बाहेर नेता येत नाही. नियम आहे."

"मग अडव."

ग्रंथपाल टेबलामागून बाहेर आला. झपाझप चालत बाईंच्या आधी दारापाशी पोहोचला आणि बंद दाराला लागून उभा राहिला. बाईंनी खंड या काखेतून त्या काखेत घेतला आणि दुसऱ्या हाताने दार ढकललं. ते हललं नाही. त्यांनी खांदा लावला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हे आत ओढायचं असतं."

आणि त्याने ओढलं.