निजून बघितलेली गोधडी

भागूबाई भरदुपारी दुकानात डोळे मिटून पडली होती, पण झोप कुठली! शेजारच्या गिरणीचा पट्टा घरघरत होता, बाहेर उस्मानपुऱ्याच्या रस्त्यावर एक रिक्षावाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता, आणि अंगावर होती यमुनाबाईंनी शिवायला टाकलेली गोधडी. त्यांच्या वारलेल्या आईच्या लुगड्यांची. जांभळं, मोरपंखी, मध्येच एक विटलेलं डाळिंबी. इतकी मऊ की कुणालाही गुंगी यावी. एक भागूबाई सोडून.

पलीकडे आवडाबाई पाय पसरून नवीन गोधडीला अस्तर टाचत होती. पोरं मार्गी लागली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा कुठं दोघींनी हे दुकान काढलं होतं. लोक हसले. गोधड्या काय, कुणीही शिवतं म्हणाले. पण यांची रीतच न्यारी. शिवून झालेली गोधडी भागूबाई दुपारी अंगावर घेऊन निजून बघायची, आणि गिऱ्हाईक आलं की त्या गोधडीत काय स्वप्न पडलं ते सांगून मगच ती हाती द्यायची. हसणारेच मग रांगेला लागले. आवडाबाईनं तर पाटीच रंगवून घेतली: ‘निजून बघितलेल्या गोधड्या मिळतील.’

आणि नेमकी पाटी लागली नि भागूबाईची झोप उडाली. वयच तसं. भर थंडीत अंगातून वाफा निघायच्या, रात्रभर ती पडेगावच्या घरात छताकडं बघत पडायची, आणि दुपारी इथं येऊन डोळे मिटायची ते नुसते मिटायचीच. आवडाबाईला सांगायची सोय नव्हती. मग स्वप्नं रचणं आलं. सोयगावच्या एका नवरीला तिनं पिवळ्या फुलांचं शेत दिलं, एका वकिलाला काठोकाठ भरलेली विहीर. वकील खूश होऊन गेला. खोटंच द्यायचं तर हात आखडता कशाला!

दारात चपला वाजल्या. यमुनाबाई आल्या होत्या. शाळेतल्या मास्तरीण, निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी आल्या की दोघी आपोआप पदर सावरायच्या.

"लागली झोप?" त्यांनी विचारलं.

भागूबाई उठून बसली. यांच्यासाठीही तिनं एक स्वप्न तयार ठेवलं होतं. नदीचा काठ, पांढरे बगळे. तिनं तोंड उघडलंही.

"आई दिसली का हो?" यमुनाबाई हळूच म्हणाल्या. "मला दिसत नाही. गेल्यापासून एकदाही स्वप्नात आली नाही."

बगळे उडून गेले. नदीकाठी एक म्हातारी बसवणं काही अवघड नव्हतं, तिच्या लुगड्याचे रंग तर अंगावरच होते. एवढं बोललं की यमुनाबाई सुखी. खरं सांगितलं की पाटी उतरवा. भागूबाईनं गोधडीवरून हात फिरवला. शेतं, विहिरी ठीक होत्या, पण दुसऱ्याची आई कुठून आणायची? तिला फार लाज वाटली.

"नाय दिसली, बाई," ती म्हणाली. "मला झोपच लागली नाय. लई दिवस झाले, लागतच नाय. मी आपलं मनानंच सांगते समद्यायला."

आवडाबाईची सुई थांबली. "भागू!" एवढंच तिच्या तोंडून आलं. आता दुकान बुडालं, हे दोघींच्याही मनात एकदमच आलं.

यमुनाबाईंनी गोधडीचा काठ नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. मग चपला काढल्या, चष्मा आवडाबाईच्या हातात दिला.

"जरा सरका," त्या म्हणाल्या.

"आं?"

"मलाही येत नाही झोप. सरका. दोघी मिळून बघू."

गोधडी एकीच्या मापाची, आणि या दोघी भरल्या अंगाच्या. पाय उघडे पडले. यमुनाबाईंचा हात भागूबाईच्या खांद्यावर आला आणि थोपटू लागला.

"आई असंच थोपटायची," त्या पुटपुटल्या. "दोनदा हळू, एकदा जोरात."

भागूबाईला हसू आलं. पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आत गिरणी लांब गेली, रस्ता लांब गेला, आणि जांभळ्या लुगड्यातली कुणी म्हातारी "सरक गं पोरी" म्हणत उशाशी येऊन टेकली. खांद्यावरचा हात कधी थांबला, तेही तिला कळलं नाही.

आवडाबाईनं उठून शटर अर्धं ओढलं. तेवढ्यात रस्त्यावरून बद्रीनाथ गिरणीवाला वाकून बघू लागला.

"काय मावशी, बंद केलं का दुकान?"

आवडाबाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "काम चालू हाय."